कालव्याकाठची पैज

लॉरी दिवसभर आमच्या मागे होती आणि दिवसभर मी मान वळवून तिच्याकडे बघत होते. लहानशी, पांढरी. मागच्या हौद्यात दोन जादा सायकली, पंप आणि पाण्याच्या बाटल्यांची बर्फपेटी. पुढे केबिनमध्ये बसायला दोन ओळी. कालव्याच्या कडेने रस्ता असेल तिथे ती आमच्या मागून हळूहळू यायची, नुसती पायवाट असेल तिथे वळसा घालून पुढच्या थांब्यावर उभी राहायची. ज्याला झेपणार नाही त्याने हात वर करायचा. सायकल हौद्यात आणि माणूस केबिनमध्ये. सकाळी टूरच्या गाइड मुलीने हे सगळ्यांना समजावलं आणि शेवटी म्हणाली, "नो शेम, ओके?" सगळे हसले. बाबा आणि मी तेवढे हसलो नाही, कारण आमची पैज त्या लॉरीवरच लागली होती.

बाबा लॉरीत बसले, तर त्यांनी पुण्याचा फ्लॅट बंद करून कायमचं आमच्याकडे सिंगापूरला राहायचं. नाही बसले, तर ठरल्याप्रमाणे नऊ दिवसांनी ते परत जातील आणि मी हा विषय जन्मात पुन्हा काढणार नाही.

पैज माझ्याच तोंडून निघाली होती. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आई जाऊन दहा महिने झाले होते. मी एकुलती एक. तेराव्यापर्यंत थांबले आणि परत आले, कारण इकडे ऑफिस होतं, लेकीची शाळा होती आणि नवरा जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत शिफ्टमध्ये. तेव्हापासून रोज सकाळी व्हिडिओ कॉल. "बाबा, शुगरची गोळी घेतली का?" हा माझा पहिला प्रश्न. ते गोळीचं रिकामं पाकीट कॅमेऱ्यासमोर नाचवायचे, आणि मग आम्हा दोघांकडेही बोलायला फारसं काही नसायचं. एकदा दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना पाठवलं, तर बाबा शांतपणे पेपर वाचत बसलेले. फोन म्हणे सोफ्याच्या फटीत गेला होता. ते दोन दिवस मी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन रडत होते.

म्हणून त्यांना महिनाभरासाठी बोलावून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात विषय काढला. माझ्या पगारावर आईवडिलांसाठी लाँग टर्म व्हिजिट पास मिळण्यासारखा होता, फॉर्म भरून तयार होता, फक्त त्यांनी हो म्हणायचं होतं.

"लेकीच्या घरी पाहुण्यासारखं यावं आणि पाहुण्यासारखं जावं," बाबा म्हणाले.

मुलगा असता तर त्यांनी मुलाच्या घराबद्दलही हेच म्हटलं असतं, हे मला माहीत होतं. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, त्यातली गत. मी कधी समजावलं, कधी अबोला धरला. एका जेवणात त्यांनी नेहमीचं पालुपद लावलं, की पंचवीस वर्षं मी सायकलने पिंपरीच्या कारखान्यात गेलो आणि आलो, मला काय धाड भरलीय, आणि माझं डोकं फिरलं. आमच्या कॉन्डोच्या लिफ्टमध्ये त्या टूरचं पत्रक लावलेलं होतं. बुकित तिमाहपासून जुन्या कालव्याच्या काठाने रोचोर, तिथून कलांग आणि शेवटी समुद्र. एक दिवस, सायकली त्यांच्या, सोबत गाइड आणि मागे लॉरी. मी म्हटलं, "मग होऊन जाऊ दे. दाखवाच."

"पैजेवर कुणी माणसं ठेवतं का गं?" नवरा म्हणाला. पण बाबांचे डोळे चमकले होते. "लाव पैज," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मला ते हरायला हवे होते, हे इथेच लिहून टाकते. ते दमावेत, पाय भरून यावेत, ऊन लागावं, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लॉरी थांबवावी. त्यापलीकडे माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण एवढं होतं.

शनिवार होता. नवऱ्याची ड्यूटी होती, त्यामुळे बाबा, मी आणि अकरा वर्षांची लेक, असे तिघंच निघालो. पहाटे मी उठले तेव्हा बाबांची आंघोळ, चहा सगळं उरकलेलं होतं. आदल्या रात्री मी पोहे भिजवायचं सोडून बाकी सगळी तयारी करून ठेवली होती. आता ते परतले आणि बाबांची बशी टेबलावर ठेवून आंघोळीला गेले. बाहेर आले तर बशी धुऊन पालथी घातलेली. "झालं माझं," ते म्हणाले. माझ्यासमोर त्यांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि रिकामं पाकीट सवयीने माझ्या तोंडासमोर नाचवलं.

एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, आम्ही बुकित तिमाहला गेलो. त्या बाजूची डाउनटाउन लाइन तेव्हा नवीकोरी होती, आणि लेक आजोबांना स्टेशनं मोजून दाखवत होती. टूरच्या फॉर्मवर मी डायबेटिसच्या पुढे खूण करून 'गोळीवर नियंत्रणात' असं लिहिलं होतं. ते वाचून गाइड मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, की प्रत्येक थांब्यावर अंकलनी काहीतरी खाल्लं पाहिजे, एवढं तुम्ही बघा. मी बघते म्हणाले.

सुरुवातीला बाबा सायकलवर असे काही बसले की माझी पैज मलाच विनोदी वाटायला लागली. पाठ ताठ, गुडघे आत, एका हाताने घंटी. गिअरकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. कालवा म्हणजे काँक्रीटची खोल, उतरत्या भिंतींची वाट, तळाशी घोटाभर पाणी. त्यात एक पांढरा बगळा पावलं मोजत चालला होता आणि भिंतीवर हातभर लांब घोरपड ऊन खात पडली होती. "अगं ते बघ, तानाजीची!" बाबा नातीला ओरडून म्हणाले. तिला ना तानाजी माहीत ना घोरपड, ती म्हणाली, "मॉनिटर लिझर्ड, आजोबा. इथे पुष्कळ आहेत, लाह." इथल्या मुलांसारखं वाक्याला 'लाह' लावायची तिला सवय.

पहिल्या थांब्यावर गाइडने कालव्याची हकिकत सांगितली. इंग्रजांच्या काळातलं हे काम. इथल्या पुष्कळशा जुन्या कामांवर हिंदुस्थानातून जहाजाने आणलेले कैदी राबले म्हणे. बाबांनी मला विचारायला लावलं, की त्यात मुंबई इलाख्यातले होते का. असतील, ती म्हणाली. "शिक्षा संपल्यावर परत जाता यायचं का त्यांना, ते विचार," बाबा म्हणाले. मी ते विचारलं नाही. टोमणा मला कळला होता.

तेवढ्यात लॉरीच्या ड्रायव्हरने खाणं काढलं. साठीचे, बारीक अंगाचे चिनी गृहस्थ. सगळे त्यांना अंकलच म्हणत. प्रत्येकाला एक बन, आत काया, म्हणजे नारळाच्या दुधाचा गोड मुरंबा. बाबांनी बन घेतला, हातात फिरवला आणि नातीला हळूच दिला. मी चार हात अंतरावर उभी होते. आमची नजरानजर झाली. कायात अंडं असतं आणि बाबा अंडं खात नाहीत, हे कारण माझ्याकडे आयतं तयार होतं. बर्फपेटीशेजारी साध्या बिस्किटांचा पुडा होता, तोही मला दिसत होता. मी पाण्याची बाटली उघडली आणि कालव्याकडे बघत पाणी प्यायले.

दुसऱ्या थांब्यावर केळी होती. केळ्यात काही अंडं नसतं. बाबांनी केळं घेऊन विजारीच्या खिशात घातलं. तेव्हाही मी बघत होते आणि तेव्हाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अंकल, ईट, ईट," गाइड म्हणाली. "लेटर, लेटर," बाबा म्हणाले. मी मनात म्हटलं, नका खाऊ. पोटात काही नसलं की पाय लवकर थकतात. पोह्यांवर किती वेळ टिकाल?

असं मी खरंच म्हटलं. शब्द न् शब्द मला आठवतो.

झाडाखाली बसून बाबा नातीला पुण्याचा कालवा सांगत होते. खडकवासल्याहून येणारा तो कालवा आमच्या घरामागून जातो. संध्याकाळी आई आणि बाबा त्याच्या काठाने फिरायला जायचे, छोट्या पुलावरून पलीकडे उतरलं की पाच मिनिटांत घर. मग गोष्ट आजीच्या संकष्टीवर आली. आईची संकष्टी कडक होती. दर महिन्याच्या वद्य चतुर्थीला सकाळचा बिनसाखरेचा चहा आणि दिवसभर पाणी. साबुदाणा नाही, फळ नाही, रात्री चंद्र दिसल्यावर जेवण. बाबांचा देवाधर्माशी संबंध आरतीपुरता. "गणपतीला मोदक आणि तुला उपास, हा कुठला न्याय?" असं म्हणत ते तिच्यासमोर बसून भजी खायचे. आठ वाजले की गॅलरीत जायचे आणि तिथून आरोळी ठोकायचे, "उगवला गं, उगवला! वाढून घे!" आई काही फसायची नाही. हात पुसत गॅलरीत यायची, आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "खोटारडे."

लेक खिदळली. मी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली होती. बाबांना ती आज का आठवली, हे विचारावंसं मला वाटलं नाही. मी घड्याळ बघत होते.

न्यूटनचा भाग मागे पडला तोवर ऊन चांगलंच चढलं होतं. सिंगापूरचं ऊन डोक्यावर कमी आणि अंगाभोवती जास्त असतं. बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ते शेवटून तिसरे झाले होते, मग शेवटून दुसरे. मी त्यांच्या मागे. माझ्या मागे लॉरी. जेवायला आम्ही टेक्का सेंटरला थांबलो. तिथे तव्यावरच्या डोशाचा वास सगळ्या हॉलभर होता. मी स्वतःसाठी आणि लेकीसाठी डोसे आणले, बाबांना विचारलं. खरं तर नीट विचारलंही नाही. "तुम्हाला?" एवढंच म्हटलं.

"पोट जड आहे," ते म्हणाले. "पाणी पुरे."

त्यांचा हात थरथरत होता. ग्लास टेबलावर ठेवताना पाणी सांडलं. कपाळावर घामाचे मोठे थेंब होते आणि चेहरा पांढुरका दिसत होता. मला वाटलं, आता. आता म्हणतील की बसतो लॉरीत. मी माझा डोसा संपवला. तो डोसा चांगला होता, हेही मला आठवतं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पण जेवणानंतर बाबा पुन्हा सायकलवर बसले. रोचोरच्या बाजूला कालवा रुंद होतो, काठाने नवीन फरसबंदी आणि बाकं आहेत. तिथे त्यांचं वागणं बदललं. लेक शेजारून गेली तर तिच्यावर खेकसले, जन्मात कधी खेकसले नव्हते असे. सायकल नागमोडी जायला लागली. एका बाईला धक्का लागता लागता राहिला. मी दोनदा हाक मारली, त्यांनी ऐकलं नाही. पुढे एक पादचारी पूल आला. सगळा गट सरळ गेला आणि बाबा थांबले, उतरले आणि सायकल हातात धरून पुलावर चढायला लागले.

"बाबा! सरळ जायचंय!"

"घरी इकडून जवळ पडतं," ते म्हणाले.

मला वाटलं, चालले मध्येच सगळं सोडून. किंवा मला चिडवताहेत. मी सायकल आपटली आणि त्यांच्यामागे धावले. पुढे गेलेली माणसं वळून बघायला लागली. आणि त्या सगळ्यांसमोर, माझ्या लेकीसमोर, मी बापावर ओरडले. "शोभतं का हे तुम्हाला? झेपत नाही तर नाही म्हणा ना! बसा त्या लॉरीत! कुणाला दाखवताय हा ताठा? जिच्यासमोर मिरवायचात ती गेली आता!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दुखावणंही नव्हतं. मी कोण आहे हे ते आठवून बघत होते. मग सौम्यपणे म्हणाले, "तू हो पुढे. मी आलोच." आणि सायकल सोडून पुलाच्या कठड्याला धरून हळूहळू खाली बसले.

पुढच्या दोन-तीन मिनिटांचं मला सलग आठवत नाही. मी त्यांना हलवत होते. लेक "आजोबा, आजोबा" करत होती. मग लॉरीचे अंकल धावत आले. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला, मानेला हात लावून घाम पाहिला आणि मला विचारलं, "अंकल डायबेटिस, इझ इट? शुगर लो, लाह. माय वन ऑल्सो लाइक दॅट. हॅव मेडिसिन, नेव्हर ईट." त्यांनाही हाच त्रास होता. त्यांनी खिशातून शेवंतीच्या गोड चहाचं खोकं काढलं, नळी टोचली आणि बाबांच्या ओठांशी धरली.

बाबांनी तोंड फिरवलं.

"घ्या, बाबा." पुन्हा तोंड फिरवलं. शुद्धीत होते, पण डोळे कुठे लागत नव्हते. ओठ घट्ट मिटलेले. "प्या ना, आजोबा, प्लीज लाह," म्हणून लेक रडायला लागली. मी जबरदस्तीने नळी आत सरकवायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "चंद्र उगवायचाय अजून."

तेव्हा मला कळलं. धुतलेली बशी, बन, केळं, डोसा, सगळं एका क्षणात. आज चतुर्थी होती. ज्या माणसाने चाळीस वर्षं आईच्या उपासाची टर उडवली, तो ती गेल्यापासून तिची संकष्टी धरत होता, तिच्यासारखीच, चहा आणि पाण्यावर. आणि मला लाजून सांगत नव्हता. गोळी मात्र चुकवत नव्हता, कारण ती मी रोज विचारत होते.

दुपारचे दोन वाजले होते. आभाळ पांढरं तापलेलं. मी बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "उगवला, बाबा. उगवला चंद्र."

"दिसला?"

"दिसला. मी आत्ता बघून आले."

त्यांनी तोंड उघडलं आणि नळी ओठांत धरली. खोकं रिकामं झालं, अंकलनी दुसरं दिलं. दहा-बारा मिनिटांनी बाबांचे डोळे माझ्यावर स्थिरावले. त्यांनी आधी नातीचे डोळे पुसले, मग आजूबाजूला पाहिलं, सायकल पाहिली, लॉरी पाहिली. खिशात हात घातला तर केळ्याचा लगदा झालेला.

ते स्वतःच उठले. अंकलनी केबिनचं दार उघडलं. मी म्हटलं, "बाबा, आपण टॅक्सीने जाऊ." ते म्हणाले, "टॅक्सी कशाला?" आणि एक हात अंकलच्या खांद्यावर ठेवून लॉरीत चढून बसले.

वाटेत क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून शुगर पाहिली, ती वर आली होती. ही गोळी आणि रिकामं पोट एकत्र चालत नाही, एकट्या माणसाला रात्री असं झालं तर सकाळ दिसायची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.  मग अंकल आम्हाला घरी सोडायला निघाले. टूरचं त्यांचं काम दुसऱ्या कुणीतरी बघितलं असावं. लेक पुढे त्यांच्याशेजारी बसून झोपली. मागे आम्ही दोघं.

"पुण्यात व्हायचं असं," बाबा म्हणाले. "चतुर्थीला दुपारी गरगरायचं. मी आडवा व्हायचो. उठलो की बरं वाटायचं."

 दर महिन्याला, बंद दाराआड, एकटे. एकटं राहू नका हे माझं म्हणणं खरं होतं, पण त्याचा काही आनंद झाला नाही.

"जिंकलीस तू," ते म्हणाले.

"पैज गेली खड्ड्यात, बाबा. मी मघाशी काहीतरी बोलले, ते..."

"काय बोललीस? मला नाही आठवत." खरंच आठवत नव्हतं की नाही, देव जाणे.  मग ते म्हणाले, "पैजेचं सोड. पैज हरलो तरी मी काहीतरी पळवाट काढली असती. तुला ठाऊक आहे मला. पण सकाळपासून माझं मन निम्मं तयार झालं होतं."

"कशावरून?"

"ती गाइड म्हणाली खा, खा. तू नाही म्हणालीस. मी बन दिला तेव्हा तू बघत होतीस. केळं खिशात घातलं तेव्हाही. जेवतानासुद्धा आग्रह केला नाहीस. तू, जी मला गोळी घेतली का म्हणून रोज छळतेस." ते हसले. "मला वाटलं, हिच्या लक्षात आहे. आज चतुर्थी आहे, हे हिला आठवतंय, आणि मी लपवतोय म्हणून तीही काही बोलत नाहीये. म्हटलं, आईची आठवण ठेवणारं घर आहे हे. इथे राहायला काय हरकत आहे?"

लॉरी सिग्नलला थांबली होती. अंकलनी रेडिओ हळू करून ठेवला होता.

"होतं ना लक्षात?" बाबांनी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटलं की त्यांना सगळं समजलंय आणि ते मला उघडं पाडताहेत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तसं काहीच नव्हतं तिथे. ते फक्त उत्तराची वाट बघत होते.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "मग राहतो," म्हणाले.

संध्याकाळी फ्रिज उघडला तर कोपऱ्यात एक छोटा डबा होता. आत सकाळचे पोहे, वर लिंबाची फोड तशीच. अन्न टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. मी फ्रिजचं दार धरून कितीतरी वेळ उभी राहिले.

बाबा राहिले. पास आला, पुण्याचा फ्लॅट बंद झाला. कॉन्डोखालच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांशी त्यांची हातवाऱ्यांनी मैत्री झाली आणि नातीकडून ते 'लाह' म्हणायला शिकले. त्यांना मी कालव्याकाठचं खरं सांगायचं पुष्कळदा ठरवलं. एकदा तर वाक्य जुळवून त्यांच्या खोलीपर्यंत गेले होते. ते खिडकीशी आईचा जुना फोटो पुसत बसले होते. मी चहा हवाय का विचारून परत आले.

उपास मात्र डॉक्टरांनी कायमचा बंद केला. पुढच्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबा मला म्हणाले, "मला आता जमायचं नाही. तू धर आईची संकष्टी. तुझ्या लक्षात असतं."

तेव्हापासून धरते. चहा आणि पाणी, बाकी काही नाही. दिवसभर ऑफिसात डोकं ठणकतं आणि दुपारच्या मीटिंगमध्ये मी कुणावर तरी खेकसते. रात्री बाबा गॅलरीत जातात, आणि आठ वाजताच तिथून ओरडतात, "उगवला गं, उगवला! वाढून घे!" मी हात पुसत जाते, आभाळाकडे बघते आणि आई म्हणायची ते म्हणते. ते खूश होतात.

चतुर्थी माझ्या लक्षात अजूनही राहत नाही. दर जानेवारीत मी वर्षभराच्या चतुर्थ्या बघून फोनमध्ये भरून ठेवते, आणि बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून त्या गजराचा आवाज बंद करते.